चर्चच्या हॉलमधला वन्स मोअर
गवती चहा उकळला की ऐंशीच्या दशकातलं जर्सी सिटी आठवतं, कारण माझ्या व्हिएतनामी शेजारणीच्या सूपलाही हाच वास असायचा. तिचा नवरा मायदेशी कैदेत होता. अशा कैद्यांसाठी गाणारी, स्वतः देशाला मुकलेली एक गायिका चर्चच्या हॉलमध्ये आली, तेव्हा शेजारीण मलाही घेऊन गेली. गाणं संपलं तरी कुणी टाळी वाजवेना. नाट्यसंगीतावर पोसलेली मी दीडशहाणी जोरात ओरडले, “वन्स मोअर!” सगळ्या माना वळल्या. शेजारीण हळूच म्हणाली, “अगं, हे पुन्हा गावं लागू नये म्हणूनच ती गाते.” पुढे दरवर्षी ती गायिका तेच गाणं गायला येत राहिली आणि मी तोंड मिटून शेजारणीजवळ बसत राहिले. तिचा नवरा काही सुटून आला नाही, शेवटी शेजारीणच वारली. देवाने माझं दुसरं काही कधी ऐकलं नाही, तो वन्स मोअर तेवढा न चुकता दिला.