माझ्या नावावरची लाल ओळ

"तू बोलू नकोस. तू फक्त स्लाइड पुढे घे."

चाकणच्या कंपनीतली मीटिंग. चौदा-पंधरा माणसं समोर बसलेली. सगळ्यांदेखत सर, म्हणजे आमचे मॅनेजर, मला असं म्हणाले. वर हसून पुढे, "काम करते हो बिचारी. पण तिचं 'आनी-पानी' ऐकवत नाही." सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

स्लाइड माझ्या होत्या. वाचल्या दुसऱ्याने.

मी सिस्टीम इंजिनिअर. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी, मोटर, ब्रेक, चार्जर यांनी एकमेकांशी कसं वागायचं ते लिहिते. मग गाडी तशी वागते का ते तपासते. आमच्या घरात माझ्याआधी दहावीपुढे कुणी गेलं नाही. परभणीकडच्या तालुक्याच्या शाळेत शिकले. पहिला पगार झाला तेव्हा भोसरीतून पेढे घेऊन गेले आणि नोकरी दिली म्हणून याच सरांच्या पाया पडले. फोनवर बापाला कौतुकाने सांगितलं. तो म्हणाला, "परीक्षा तूच दिली ना माय? मग पाया कामून पडली?"

तेव्हा मला त्याचा रागच आला.

आमच्या कामात कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात प्रत्येक चाचणीची एक ओळ असते. ओळीपुढे एका इंजिनिअरचं नाव. पास झाली की हिरवी, नापास झाली की लाल. रंग बदलायचा तो ज्याच्या नावावर ओळ, त्यानेच. माझी ओळ साधी होती. चार्जिंगची वायर लावलेली असताना कुणी अ‍ॅक्सिलरेटर पिळला तरी चाक फिरता कामा नये. पाण्याचा फवारा मारून आम्ही तपासलं. चाक फिरलं. दोनदा. लॅबमधले शिंदेभाऊ ओरडले, "ओ मॅडम, पाय काढा, पाय!"

मी ओळ लाल केली.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"हिरवी कर. पावसात कोण चार्जिंग लावतं?"

"सर, आमच्या चाळीत सगळेच. शेड कुठंय?"

"मला शिकवू नकोस. तुमच्या लोकांना डिग्र्या सवलतीत मिळतात. मी घेतलं म्हणून इथे आहेस. नाहीतर तुझ्यासारखीला दारात कुणी उभं केलं नसतं."

इथे कोटा नव्हता. तीन मुलाखती देऊन आले होते. हे त्यांना माहीत होतं. मुलाखती त्यांनीच घेतल्या होत्या.

मग लख्ख दिसलं. माझं बोलणं यांना नको. मीटिंगमध्ये मी उभी नको. हवं फक्त माझं नाव. उद्या कुणाचा पाय चाकात गेला, तर त्या हिरव्या ओळीपुढे माझंच नाव असणार. आणि इतकी वर्षं मी यालाच उपकार समजत होते.

"नाही करणार, सर."

"काय म्हणालीस?"

"नाही करणार."

त्या आठवड्यात मला त्या गाडीच्या कामातून काढलं. आता जुन्या मॉडेलचे कागद लावते. डब्याला फारसं कुणी बसत नाही जवळ. पण ओळ दुसऱ्याच्या नावावर करायची तर कारण लिहून सही करावी लागते. ती सही करायला अजून कुणी पुढे आलेलं नाही.

मी सरांना लेखी दिलंय. चार्जिंगच्या वायरचा कनेक्टर बदला, त्यात पाणी शिरतं. पुन्हा फवारा मारा. चाक थांबलं तर मी स्वतः ओळ हिरवी करीन. तोवर नाही. नोकरी गेली तरी नाही.