बोटीवरचा संडास आणि माझं पत्रक

पत्रक मीच लिहिलं होतं. 'सोसायटीने बोट आणली की भंगार?' असा मथळा. धारूरच्या बाजारात मी ते स्वतः वाटलं. मच्छीमार सोसायटीने कोकणातून जुनाट बोट आणली, तिच्यावरचा संडास महिन्यात तुंबला, आणि बोट चालवणारा माणूस निष्काळजी आहे, त्याला कामावरून काढा, असं त्यात होतं. शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. नुसत्या सोसायटीवर लोक चिडत नाहीत. राग काढायला एक माणूस लागतो, तो मी दिला.

दुष्काळाचं वर्ष. धरणाचं पाणी काठापासून लांब गेलेलं. पलीकडच्या गावच्या बायका मासळी विकायला या बोटीने यायच्या. जायला दीड तास, यायला दीड तास, आणि बाजारात कुठे आडोसा नाही. बोटीवरची ती कपाटाएवढी खोली हीच त्यांची दिवसभराची सोय. ती बंद पडली तेव्हा बायकांनी सकाळपासून पाणी पिणंच सोडलं. हे मला त्यांच्यातल्या एका मावशीने सांगितलं. पुरुषमाणसाला हे सांगणं तिला किती जड गेलं असेल, तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. मी तापलो आणि लिहायला बसलो. बोट बघायला गेलो नाही.

पत्रकाचा परिणाम झाला. बोटवाल्याला काढायचं का, हे ठरवायला सोसायटीची बैठक लागली. त्याला सगळे मामा म्हणायचे. त्याने एकच मागणी केली: बैठकीआधी पत्रकवाल्याला बोटीवर पाठवा. म्हणून त्या दिवशी सकाळी मी गेलो.

"या पुढारी," मामा म्हणाला. "लई भारी लिव्हलंय. आता जरा हात घाला."

भांड्याच्या बाजूला हातपंप होता. दांडा वर ओढला की धरणाचं पाणी भांड्यात येतं, खाली दाबला की घाण नळीतून टाकीत जाते. टाकी काठावर आणून खड्ड्यात रिकामी करायची. म्हणजे धरणात काही सोडत नव्हते. सोडतात, असंही मी पत्रकात ठोकून दिलं होतं.

मामाने दांडा ओढला. पाणी आलं. दाबला, तर हलेना.

"म्हंजी पाणी येतंय. फुडं अडलंय."

त्याने आधी खालचा कॉक बंद केला. "ह्यो इसरला तर बोटीत धरण शिरतंय." मग पान्याने नळी सोडवली. आतली रबराची झडप बाहेर काढून बोटाने वाकवून बघितली. चांगली होती. टाकी बघितली, अर्धीही भरली नव्हती. राहिली मधली नळी. तिचं एक टोक त्याने माझ्या हातात दिलं आणि दुसरीकडून तार घातली. नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत गच्च बसलेली. मी तोंड फिरवलं.

"तोंड कावून फिरवता? तुमच्याच पत्रकातलं हाय," मामा म्हणाला. "दर येळंला पंधरा-वीस दांडं मारावं लागत्यात, तवा माल टाकीत पोचतो. ह्या बाया दोन मारत्यात. नळीत वाळून बसतंय."

"दोनच का?"

"त्यास्नीच इचारा."

मावशी टोपली घेऊन बोटीच्या पुढच्या टोकाला बसली होती. ती म्हणाली, "तूच म्हणलतास की बाबा, संडासात तांब्याच्या वर पाणी न्हाई. शपथ घ्याया लावलतीस."

"ते घरचं म्हणालो होतो, मावशी. इथे बोट धरणात उभी आहे."

"मंग? धरणाचं पाणी काय फुकाचं हाय? तेच पितो की आमी."

त्या हिवाळ्यात मी गावोगाव फिरून बायकांना उजवा हात वर करायला लावला होता. भांडी विसळलेलं पाणीच संडासात टाकायचं, तेही एक तांब्या. त्यांनी शब्द पाळला होता. आणि मी तरी काय केलं होतं? संडास तुंबण्याआधी या बोटीने तीनदा गेलो, तिन्ही वेळा दोनच दांडे मारले, वर त्याचा अभिमान वाटला.

"तुम्ही त्यांना सांगितलं नाही?" मी मामाला विचारलं.

"सांगितलतं. पर तुमची शपथ पडलेली. माजं कोण ऐकतंय?"

दुपारी बैठक झाली. मी उभा राहिलो आणि सांगितलं की नळी तुंबली होती, बोटवाल्याचा दोष नाही. मामाची नोकरी वाचली. तिथेच खाली बसायला हवं होतं. पण चेअरमन हसून म्हणाले, "मंग पत्रकात त्येचा दोष कसा निघाला?"

मी म्हणालो, "बायकांनी चुकीची माहिती दिली."

सगळे हसले. "बायांचं ऐकून पत्रकं काढता व्हय," कोणीतरी म्हणालं. मावशी दाराशी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. टोपली उचलली आणि बाहेर गेली.

चूक माझी होती, बायकांची नव्हती, असं एका ओळीचं पत्रक काढता आलं असतं. मी काढलं नाही. टँकरवर काढलं, चारा छावणीवर काढलं, हे नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या गावात सभा घेतली. बायका आल्या, पुढे बसल्या. काय काय अडचणी आहेत ते सांगा, मी म्हणालो. कोणी बोलेना. मी मावशीचं नाव घेऊन विचारलं.

"समदं बरं हाय बाबा," ती म्हणाली.