तितिरीची चादर

मा ओझलीनने माझी बादली नदीत फेकली, तीही अख्ख्या गावादेखत. आधी तिच्यातले मासे हळुवार पाण्यात सोडले, मग बादली भिरकावली. मी तिची सख्खी शेजारीण. महिनाभर तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही, याचाच मला जास्त राग आला.

मासे म्हणजे तितिरी. सुईएवढी, आरपार दिसणारी पिल्लं. चंद्र निम्मा उरला की समुद्रातून आमच्या नदीत शिरतात आणि काठाकाठाने डोंगराकडे चढतात. पूर्वी बायका ती धरायला पाण्यात चादरी ताणून उभ्या राहायच्या. सगळ्यांत मोठी चादर मा ओझलीनची, आणि तितिरीची भजी खावी तर तिच्याच हातची. तिचा नवरा तेफील मात्र पहिला घास घेऊन दर वेळी म्हणायचा, "मीठ कमी आहे."

"समुद्र समोरच आहे, बुडवून खा," ती म्हणायची. पन्नास वर्षं त्यांचं हेच चाललं होतं.

मग तितिरी यायची थांबली. दोष कुणा एकाचा नव्हता. आम्ही काठावर डुकरं पाळली, झिंगे पकडायला वरच्या डोहात ब्लीच ओतलं, घरं बांधायला पात्रातले दगड उपसले. मोठ्या वादळाने उरलंसुरलं पुरं केलं, पत्रे आणि फ्रीजसुद्धा पात्रात येऊन पडले. बारा वर्षं नदी नुसती वास मारत वाहत होती.

आमच्या बेटावर कुणाला घर बांधायचं असलं की गाव फुकट राबतं आणि यजमान जेवू घालतो. त्याला कुदमेन म्हणतात. मा ओझलीनने नदीसाठी कुदमेन मांडला. नदीच्या कामाला यजमान कोण, असं कुणीतरी खवचटपणे विचारलं, तर म्हणाली, "मी. नदीला कुठे चूल आहे?"

चार वर्षं दर शनिवारी तिने आम्हाला खारा मासा आणि उकडलेली हिरवी केळी वाढली. आम्ही डुकरांची खोपटी वर हलवली, शोषखड्डे खणले, दगड परत पात्रात लोटले, काठाला झाडं लावली. रोपांना पिशव्या कमी पडल्या तेव्हा तिने ती मोठी चादर फाडून पिशव्या शिवल्या. तेफीलने कात्री शोधून दिली, पण त्या दिवशी तो जेवला नाही.

चर्चच्या अंगणात ठरावही तिनेच मांडला: तितिरी आली तरी तीन वर्षं कुणी धरायची नाही. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला.

पाचव्या वर्षी सप्टेंबरात तितिरी आली आणि मला राहवलं नाही. बादलीचं पुढे काय झालं ते सांगितलंच आहे.

त्याच सुमारास तेफीलचं पोटाचं दुखणं वाढलं. राजधानीतल्या, रोझोच्या डॉक्टरांनी त्याला घरी पाठवलं, म्हणजे काय ते आम्ही समजलो. पेजेपलीकडे त्याला काही जात नव्हतं. त्याने एकच मागितलं, तितिरीची दोन भजी.

हे कानावर आलं आणि माझा अबोला गळून पडला. पुढच्या महिन्यात चंद्र निम्म्यावर आला, तेव्हा मी तिच्या मागच्या दाराशी गेले. म्हटलं, एक वाटी घे, गाव डोळेझाक करील, पाद्रीबाबासुद्धा हो म्हणालेत.

"तुझी बादली मी फेकली ना?" ती म्हणाली. "आता त्याच नदीत मी कुठल्या तोंडाने हात घालू?" मग ओट्याला टेकून रडायला लागली. "त्याने आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं गं."

मला तिचा राग आला आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. मी तिला पोटाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझी प्लास्टिकची खुर्ची मागायला आली. गावातल्या दोघा पुरुषांनी तेफीलला उचलून नदीवर आणलं आणि घोटाभर पाण्यात खुर्चीवर बसवलं. मा ओझलीनने त्याची पँट दुमडली आणि मागे उभी राहून त्याचे खांदे धरले. काठाकाठाने तितिरी येत होती. त्याच्या पायांपाशी आली, घोट्यांना वळसे घालून वर गेली. तेफील गुदगुल्या झाल्यासारखा हसला. बराच वेळ तो नुसता बघत होता. मग वाकून त्याने पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. तिने खुर्ची काठावर घ्यायला लावली. मग खाली बसून त्याचे पाय ॲप्रनने पुसले.

तेफील नाताळाआधीच गेला.

तीन वर्षं सरल्यावर गावाने पहिल्यांदा चादरी पाण्यात घातल्या. तिच्याकडे चादर नव्हती, माझी नेली. संध्याकाळी तिने सगळ्या गावाला भजी तळून वाढली. मी पहिला घास घेतला आणि इतरांच्या तोंडाकडे पाहिलं. भजी खारट झाली होती, अगदी समुद्रात बुडवल्यासारखी. तरी सगळ्यांनी पुन्हा वाढून घेतली. मी चार खाल्ली आणि घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायले.