पाटीआधी माती

प्रभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोहण्याच्या आमच्या बालवाडीत मुलांसाठी माती भिजवत होते. त्यांच्या मुलाने दोन वाक्यांत सांगितलं आणि फोन ठेवला. हात कोपरापर्यंत चिखलात, समोर चौदा मुलं. मग गोळे करून मुलांच्या हाती दिले, वर्ग पूर्ण केला आणि त्यानंतरच त्यांच्या घरी गेले. त्यांनीही हेच केलं असतं. आज या गोष्टीला पाच आठवडे झाले.

प्रभाताई या बालवाडीच्या मोठ्या बाई. बारा वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती भांडायला. माझी समीक्षा तेव्हा चार वर्षांची. घरात अखंड बडबड, पण उंबरठा ओलांडला की तोंड बंद. शेजारी नाही, पाहुण्यांसमोर नाही, बालवाडीतही नाही. चार महिने झाले तरी पाटीवर एक अक्षर नव्हतं. घरी यायची ती फ्रॉकला माती लावून. गावातली अर्धी मुलं तोवर आर्वीच्या इंग्रजी शाळेच्या गाडीने जाऊ लागली होती. तिथे तरी पोरगी बोलती होईल, असं सासूबाई रोज म्हणायच्या. मी बालवाडीतून तिचं नाव काढायला गेले.

प्रभाताई मुलांसोबत तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "नेजो. पण आज एक दिवस इथं बस. तिले दिसशीन नाई अशी बस."

मी दाराआड बसले. शेंगा आटोपल्यावर मुलांनी सतरंज्यांच्या घड्या एकामागे एक लावल्या. ती एसटी. एकाने थाळीचं स्टिअरिंग धरलं, बाकीचे मागे बसले, आणि माझी समीक्षा गळ्यात पिशवी अडकवून कंडक्टर झाली. पळसाच्या पानाचे तुकडे ही तिकिटं. ती एकेकाला पान देत होती, शब्द मात्र नाही. मग प्रभाताई स्वतः शेवटच्या घडीवर जाऊन बसल्या आणि शेजारी पिशवी ठेवून दोघांची जागा अडवली. मुलं कुरकुरू लागली. समीक्षा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. बराच वेळ... ताई तिला सुचवेनात, हसेनात, हलेनात.

"सरका नं बाई," ती म्हणाली. आवाज बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला. "गाडीत जागा नाई राह्यली."

प्रभाताई निमूट सरकल्या, जणू ती रोजच असं सांगते. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. नंतर ओसरीत येऊन त्या एवढंच म्हणाल्या, "चार महिने वाट पाह्यली मी. आता काऊन नेऊन राह्यली तिले?"

नेलं नाही. उलट पुढच्या वर्षी मीच तिथे मदतनीस म्हणून लागले. त्या वर्षी जेमतेम सहा मुलं उरली होती आणि वर्ग बंद करण्याची भाषा सुरू झाली होती. तपासणीच्या बाईंनी सांगितलं, मुलांकडून पाढे म्हणवून घ्या, म्हणजे पालक थांबतील. ताईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघर जाऊन आयांना वर्गात बोलावू लागल्या. कुणाला कणीक मळायला, कुणाला भाजी चिरायला, आपापल्या मुलाच्या शेजारी. आपलं पोर वाटीने पाणी मोजून ओततं, सांडलेलं स्वतः पुसतं, हे आयांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या जूनमध्ये अकरा मुलं आली. वर्ग राहिला.

गेल्या आठवड्यात पालकांनी माझ्यासाठी प्रेमाने एक खुर्ची आणली. आता तुम्ही मोठ्या बाई, म्हणाले. इतक्या वर्षांत त्या खोलीत खुर्चीच नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. बसून पाहिली. वरून मुलांची नुसती डोकी दिसत होती, हात काय करताहेत ते कळेना. मी ती ओसरीत नेऊन ठेवली, मुलांना सोडायला येणाऱ्या आजोबांसाठी, आणि खाली मांडी घातली. गुडघे दुखले. एका मुलीने घट्ट झाकणाचा डबा माझ्यापुढे धरला. माझा हात लगेच पुढे गेला... मग मागे घेतला. डबा तिच्याकडेच राहू दिला आणि थांबले.