मंजुळाबाईची हाळी

मंजुळाबाई फुटबॉल बघायला जाते ही बातमी आमच्या मुकुंदवाडीत पसरली, तेव्हा नळावरच्या बायकांनी आधी तिच्या नवऱ्याला गाठलं. मुंजाबा चिकलठाण्यात एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होता. तो म्हणाला, "पोरगं खेळतं, ती बघती. मी झोपतो. ज्याचं त्याला." आणि सायकल ढकलत निघून गेला.

पोरगं म्हणजे रामकिसन. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता आणि त्या पावसाळ्यात कॉलेजच्या टीममध्ये नवीनच आला होता. जागा लेफ्ट बॅकची. म्हणजे मागं थांबायचं, समोरून येणाऱ्याला अडवायचं आणि आपला गोल राखायचा. मंजुळाबाईला हे समजावून सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "राखणच की."

ही माणसं करमाडकडची. रामकिसन सातवीत असेपर्यंत घरी मेंढरं होती. मग माळ संपत गेले, मुंजाबाला कंपनीत काम लागलं, मेंढरं विकली आणि बिऱ्हाड शहरात आलं. मंजुळाबाई कॉलेजच्या बोर्डिंगात भाकऱ्या थापायला लागली. फुटबॉलची सगळी पोरं तिच्याच हातचं खात. दुपारचा स्वयंपाक उरकला की संध्याकाळची चूल पेटेपर्यंत ती मोकळी असे, आणि मॅच असायच्या नेमक्या त्याच वेळात, आमखास मैदानावर.

ते साल असं होतं की जूनमध्ये टीव्हीवर फुटबॉलचा वर्ल्ड कप दाखवला होता. त्यामुळं ऑगस्टमध्ये गावात जो तो जाणकार. त्यात सगळ्यात मोठे दोघं. एक हमीदचाचा. त्यांचं चहाचं हॉटेल मैदानाला लागून होतं आणि तरुणपणी ते स्वतः खेळलेले होते. दुसरे तात्यासाहेब. तहसिलीतून रिटायर झालेले, पांढरंशुभ्र धोतर, हातात छत्री. चेंडूला त्यांनी जन्मात पाय लावला नव्हता; पण वर्ल्ड कप मात्र एक दिवस न चुकवता पाहिला होता. ते दोघं मैदानाच्या कडेच्या दगडांवर बसत आणि टीमचं भवितव्य ठरवत. पहिल्या मॅचला मंजुळाबाई नऊवारीचा ओचा सावरत येऊन त्यांच्या शेजारच्या दगडावर बसली तेव्हा तात्यासाहेबांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. चाचा म्हणाले, "बैठो बाई. तुमचा बच्चा कौनसा?"

"त्यो. डावीकडचा. उंच."

"अच्छा. दम है उसमें."

एवढ्यावर तिची ओळख झाली.

मॅच जालन्याच्या टीमशी होती. आपल्या पोरांनी सुरुवातीलाच एक गोल केला. चाचा उठून उभे राहिले, तात्यासाहेब "बघा, पासिंग बघा" म्हणत राहिले, आणि मंजुळाबाई दगडावर पुढं पुढं सरकत गेली. तिला खेळ सगळा कळत नव्हता, पण कुणाच्या मागं कुणी जायचं आणि कुणाची वाट कुणी अडवायची हे दिसत होतं. तिचे गाल तापले होते. इतक्या वर्षांत इतक्या मोकळ्यावर, इतकी पळापळ तिनं पाहिली नव्हती.

दुसऱ्या हाफमध्ये रामकिसनच्या पायात चेंडू आला. समोर कुणी नाही. तो निघाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, पार पलीकडच्या गोलापर्यंत गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो इतका पुढं गेला असेल. सगळं मैदान उभं राहिलं. पण मंजुळाबाईला त्याच्या पुढं काय आहे ते दिसलंच नाही. तिला मागची मोकळी जागा दिसली. राखणीचा पोरगा मेंढरांचं वाडगं उघडं टाकून निघाला होता.

तिनं हाळी दिली.

धनगराच्या प्रत्येक घराची हाळी निराळी असते. चार घरची मेंढरं एका माळावर मिसळली तरी हाळी ऐकली की आपापल्या मालकाकडं वळतात. मंजुळाबाईची हाळी म्हणजे जीभ टाळूला लावून एक लांब टुर्रर्र, आणि शेवटी खाली उतरत गेलेलं होऽय. अर्थ एकच, असशील तिथून मागं फिर. रामकिसन रांगता होता तेव्हापासून मेंढरांत वाढला. लेकराला एक हाळी आणि मेंढरांना दुसरी, असले लाड त्या घरात नव्हते.

हाळी गेली आणि रामकिसन जागच्या जागी थांबला. गोल समोर, गोलकीपर घाबरून पुढं आलेला, आणि रामकिसन चेंडू तिथंच सोडून वळला आणि मागं पळत सुटला. जालन्याच्या पोरांना क्षणभर काही कळेना. मग त्यांनी तो चेंडू पायात घेतला, लांब मारला आणि दोन पासमध्ये गोल केला. मॅच बरोबरीत सुटली.

मंजुळाबाईनं पदर तोंडात कोंबला. पण आवाजानं दचकले होते फक्त जवळचे दोघं, आणि त्यांना वाटलं बाईनं पोराला जोर दिला.

पुढचे काही दिवस हमीदचाचांच्या हॉटेलात दुसरा विषय नव्हता. रामकिसन का थांबला? कुणी म्हणालं, पायात गोळा आला. कुणी म्हणालं, त्याला वाटलं शिटी झाली. तात्यासाहेबांचा निकाल पक्का होता. "काळीजच नाही हो पोरात. गोल समोर दिसला की पाय लटपटतात. टीव्हीवर बघितलं ना आपण, मोठ्या मोठ्यांचं होतं. अशा माणसाला टीममध्ये ठेवू नये."

चाचा म्हणाले, "एक मैच में काय समजतं मियाँ?"

"एकच पुरे. शितावरून भाताची परीक्षा."

गोष्ट इथपर्यंत राहिली असती तर चाललं असतं. पण टीमचे गायके सर चहाला तिथंच यायचे आणि तात्यासाहेबांचं बोलणं त्यांच्या कानावर रोज पडायचं. सर स्वतःच गोंधळलेले होते. रामकिसनला विचारलं तर तो खाली बघत "काय नाय सर, चुकलं" एवढंच म्हणायचा. आईच्या हाळीनं मागं फिरलो हे कॉलेजातल्या पोरांसमोर सांगण्यापेक्षा त्यानं भित्रा ठरणं पत्करलं होतं. पुढच्या मॅचला त्याला बाहेर बसवायचं असं सर पोरांसमोर बोलून दाखवू लागले.

बोर्डिंगातल्या पोरांनी हे दुपारी जेवताना बोललेलं मंजुळाबाईनं ऐकलं. संध्याकाळच्या भाकऱ्यांना बसली खरी, पण परातीतलं पीठ तसंच ठेवून, हाताला लागलेलं झटकत, ती हॉटेलच्या दारात येऊन उभी राहिली. बायका त्या हॉटेलात येत नसत.

"सर, पोरगं भित्रं नाय," ती म्हणाली. "मी हाळी दिली म्हनून फिरलं ते."

"काय दिलं?"

"हाळी. मेंढरं माघारी बोलवायची."

तात्यासाहेब हसले. "बाई, आईची माया समजते आम्हाला. पण विसाचा घोडा झालेला पोरगा काय मेंढरू आहे?"

मंजुळाबाईनं त्यांच्याकडं बघितलं नाही. मैदानाच्या पार पलीकडच्या कडेला पोरं सराव करत होती. रामकिसन चेंडू पायात घेऊन कॉर्नरकडं पळत होता. तिनं दारातूनच मान वळवली आणि हाळी दिली.

तिकडं रामकिसन थांबला. वळला. मागं चार ढांगा टाकल्या, आणि मग त्याला उमगलं. तो कमरेवर हात ठेवून, मान खाली घालून उभा राहिला. चेंडू आपला गडगडत रस्त्यावर गेला.

गायके सर हसता हसता बाकड्यावर बसले. चाचांच्या हातातला चहा बशीत सांडला. "या अल्ला, ये तो रिमोट है," ते म्हणाले. तात्यासाहेब चष्मा पुसत म्हणाले, "मग बाईंना मैदानावर येऊ देऊ नये. पोराला ठेवा."

रामकिसनची जागा वाचली ती अशी.

त्या संध्याकाळी घरी त्यानं जेवताना वर पाहिलं नाही. हात धुतल्यावर म्हणाला, "आई, आता तू मॅचला येऊ नको."

"बरं."

"सगळी पोरं टुर्र टुर्र करत्यात माझ्या मागं."

"बरं म्हनले ना."

मुंजाबा ड्यूटीला निघता निघता म्हणाला, "मेंढरं इकली, हाळी इकायची राहिली बघ." तिची भांडी त्या दिवशी जरा जास्त वाजली.

दुसरी मॅच परभणीच्या टीमशी झाली. मंजुळाबाई बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात चूल लवकर पेटवून बसली होती. तिथून मैदान दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. तरी तिनं खिडकीचं दार उघडं ठेवलं. तव्यावरची भाकरी करपली. तिच्या हातून भाकरी करपल्याचं तिथं कुणाला आठवत नव्हतं. पोरं नाचत आली, दोन गोलांनी जिंकली होती. रामकिसननं एकालाही आपल्या बाजूनं जाऊ दिलं नव्हतं. ती पोरांना वाढत राहिली आणि एकेकाला विचारत राहिली. कोण कुठं उभा होता, मग काय केलं, मग? पोरांना सांगताना घास गिळता येईना. पण त्यातलाच एक सहज म्हणाला, "मावशी, तात्यासाहेब म्हणले, बाई नव्हती म्हणून जिंकलो."

हे तिला लागलं. पोरगं येऊ नको म्हणालं ते तिनं सोसलं होतं. पण आपण पोराच्या आड येतो हे कुणी म्हणावं, ते नाही.

तिसरी मॅच नांदेडशी होती. गेल्या वर्षीची स्पर्धा जिंकलेली टीम. चाचा म्हणत, "अब तक का छोडो. असली इम्तिहान ये है." मॅचच्या सकाळी रामकिसन चप्पल घालत होता तेव्हा मंजुळाबाई दाराशी आली.

"मी येनार हाय."

"आई—"

"तोंड उघडनार नाय."

"तुला राहवायचं नाय. हाळी ऐकली की माझं मलाच राहवत नाय, तुला कसं राहवंल?"

"तोंडात पानी धरून बसंन."

रामकिसन हसू दाबत तिच्याकडं बघत राहिला. ही त्यांच्या घरातली जुनी रीत. मंजुळाबाईची सासू म्हाळसाबाई मोठी तोंडाळ होती. सुनेला राग आला की म्हणायची, तोंडात पाण्याचा घोट धर, गिळू नको, थुंकू नको. राग गेला की मग बोल. सून पाणी धरून सगळं घर सारवून काढायची. रामकिसननं लहानपणी आईला असं गाल फुगवून काम करताना कितीदा पाहिलं होतं. तो जाता जाता म्हणाला, "चाचाच्या मागं बस. लांब."

ती लांब बसली नाही. आपल्या दगडावरच येऊन बसली, मांडीवर पितळेचा तांब्या. तात्यासाहेब काही बोलणार तेवढ्यात तिनं तांब्या तोंडाला लावला, घोट घेतला, आणि गाल फुगवून मैदानाकडं बघू लागली.

"हे काय?" तात्यासाहेबांनी चाचांना विचारलं.

"ब्रेक लगाया," चाचा म्हणाले.

मॅच अशी झाली की ती बघितलेले लोक अजून सांगतात. नांदेडची पोरं उंच, तयार, चेंडू पायाला चिकटल्यासारखं खेळत होती. आपला गोलकीपर चिखलात लोळून लोळून ओळखू येईना. हाफ टाइमपर्यंत गोल नाही. मंजुळाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, घोट गिळायचा नाही म्हणून की आणखी कशानं, ते तिलाच ठाऊक. मध्ये तिनं तो थुंकला, पदरानं तोंड पुसलं आणि चाचांना म्हणाली, "त्यो त्यांचा सहा नंबर डावीकडं बघतो आन् उजवीकडं जातो. सांगा कुनीतरी."

"मैं भी देखा," चाचा म्हणाले. "हौ, सही है." आणि तिनं नवा घोट भरला.

मॅच संपत आली तेव्हा तेच घडलं. रामकिसनच्या पायात चेंडू आला आणि समोर वाट मोकळी होती. त्यानं एकदा, अगदी एकदा, कडेच्या दगडांकडं नजर टाकली. मंजुळाबाई फुगलेल्या गालांनी उभी होती आणि हातानं त्याला पुढं ढकलत होती. जा, जा. तो गेला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला, आणि मारला. चेंडू खांबावर आपटला. सगळं मैदान हळहळलं, आणि त्याच वेळी चेंडू नांदेडच्या सहा नंबरकडं गेला.

रामकिसन डोकं धरून तिकडंच उभा होता. त्याची जागा उघडी होती आणि सहा नंबर त्याच जागेकडं धावत होता. गायके सर ओरडले, पोरं ओरडली, सगळेच ओरडत होते आणि त्या गोंधळात कुणाचंच नाव कुणाला ऐकू जात नव्हतं.

"बाई," चाचांनी तिचा दंड धरून हलवला, "बुलाओ उसकू, बुलाओ."

पाणी गिळायला वेळ नव्हता. ते सगळं तात्यासाहेबांच्या धोतरावर गेलं. पहिली हाळी भिजलेली, अर्धीच निघाली. दुसरी मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली.

रामकिसन वळला. कुठं चाललोय हे कळायच्या आधी त्याचे पाय निघाले होते. सहा नंबरनं डावीकडं बघितलं, उजवीकडं वळला, गोलकीपरला चुकवून चेंडू मारला. आणि रेषेच्या अलीकडं रामकिसन चिखलात आडवा पडला. चेंडू त्याच्या छातीवर आपटून बाहेर गेला. शिटी झाली. शून्य–शून्य.

त्या दिवशी हॉटेलात बसायला जागा नव्हती. मंजुळाबाई दारात उभी होती. चाचांनी गल्ल्यामागची आपली खुर्ची बाहेर काढून दिली. तात्यासाहेब ओलं धोतर झटकत म्हणाले, "तीन मॅचमध्ये एक जीत, दोन बरोबरी. सुरुवात वाईट नाही. पुढं बीड आहे. मला वाटतं, बाईंना आपल्या गोलाच्या मागं बसवावं."

"नक्को," चाचा म्हणाले, "बीच में. दोनों तरफ आवाज जाना."

"पण मग पोरगा पुढं जाईल कसा?"

"हात से भेजती ना."

वाद रंगला. मंजुळाबाई चहा बशीत ओतून पीत ऐकत होती. संध्याकाळच्या भाकऱ्या राहिल्या होत्या, पण उठवत नव्हतं. तेवढ्यात रामकिसन आला, छातीवर चिखलाचा गोल ठसा, आणि तिच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला.

"पहिली हाळी नीट आली नाय," तो म्हणाला. "नुसतं टर्र झालं. वाटलं, दुसऱ्याच कुनाची हाय."

"पानी होतं तोंडात."

"बीडला नको धरू," तो म्हणाला आणि तिच्या बशीतला उरलेला चहा पिऊन टाकला.