पंचायतीचा रेडिओ

पालममध्ये कुणाच्या घरी टीव्ही आला की आमच्या शाळेचे हेडक्लार्क आठवडाभर तोंड वाकडं करून हिंडायचे. "त्या डब्यात काय हाय, सर? पंचायतीच्या रेडिओची मजा लय न्यारी. सगळं गाव एका सतरंजीवर बसून ऐकायचं!" असं म्हणत ते डोळे मिटायचे, हवेतच बटण फिरवायचे आणि रेडिओची खरखर तोंडानं काढून दाखवायचे.

आम्ही दोघं एकाच गावचे. ते 'सगळं गाव' म्हणाले की माझं डोकं फिरायचं. आमच्या बौद्धवाड्यातलं कुणी त्या सतरंजीवर कधी बसलं नव्हतं. माझे वडील रस्त्याच्या पलीकडं, लिंबाखाली उभं राहून ऐकायचे.

ऐन नामांतराच्या दिवसांत हेडक्लार्कनी पंचायतीचा तो मोडीत निघालेला रेडिओ घरी आणला, दुरुस्त करून घेतला आणि अख्ख्या शाळेला ऐकायला बोलावलं. मी गेलो तेव्हा बाकीचे शिक्षक बैठकीत सतरंजीवर बसले होते. मी चप्पल काढायला वाकलो, तसे हे लगबगीनं बाहेर आले आणि अंगणातली एकुलती एक खुर्ची खांद्यावरच्या रुमालानं पुसायला लागले.

"बसा सर. तुमच्यासाठी मुद्दाम टाकलीय. इथनं बी साफ ऐकू येतंय."

मी खुर्चीकडं बघितलंसुद्धा नाही. चप्पल काढली, आत गेलो आणि सतरंजीच्या मधोमध मांडी घालून बसलो.

"लावा आता," मी म्हणालो. "सगळं गाव आलंय."