आबांचं पाव्हणं

आमच्या भाडेकरू संघटनेच्या पत्रकात ठळक छापलंय : भाडं थकलं तरी मालकाला स्वतःच्या हातानं कुलूप लावता येत नाही, त्यानं कोर्टात जायचं असतं. बारामतीत एमआयडीसीच्या मागच्या गल्ल्यांत मी ते दारोदार वाटलं. एका बाईनं ते जपून ठेवलं. नवऱ्याचं ठेकेदाराकडचं काम सुटलं, भाडं थकलं आणि एका सकाळी खोलीला मालकाचं कुलूप. लेकीची दहावीची परीक्षा तोंडावर, पुस्तकं आत. बाई पत्रक घेऊन माझ्याकडे आली. म्हटलं, चला चौकीत.

मालक म्हणजे निरवांगीचे आबा. गावी ऊस, इथं ओळीनं बांधलेल्या खोल्या. करार नाही, पावती नाही. ते आधीच चौकीत चहा पीत बसले होते.

"या वकीलीणबाई. पत्रकं सपली व्हय?"

मी कायदा सांगितला. मोठ्यानं सांगितला. हवालदारानं ऐकलं, लिहायलाही घेतलं. मग बाईला विचारलं, "तुमी आबांच्या कोण?"

"पाव्हणी," बाई म्हणाली.

भाडेकरू ठेवला की घरपट्टी वाढते. म्हणून आबा प्रत्येकाला पहिल्याच दिवशी पढवतात : कुणीबी साहेब आला की सांगायचं, आमी आबांचं पाव्हणं हाय. बाईनं हे इतक्यांदा म्हटलं होतं की खाकी कपडे बघून तोंडातून तेच आलं.

"अहो, भाडेकरू म्हणा!" मी ओरडले.

"व्हय व्हय, भाडं देतो की आमी," ती गडबडली. "म्हंजी, द्यायचो."

आबा गालात हसले. "पाव्हण्याकडनं कोण भाडं घेतं का, सायेब?"

हवालदारानं पेनला टोपण लावलं. "घरातला मामला हाय. घरातच मिटवा."

बाहेर येऊन मी ओळखीच्या वकिलांना फोन लावला. म्हणाले, दावा टाकू, वेळ लागेल. तोवर शेजाऱ्यांच्या साक्षी आणा. मी ओळीतली सगळी दारं वाजवली. प्रत्येक दारात तेच उत्तर : आमी पाव्हणं हाय.

संध्याकाळी आबांनी कुलूप काढलं, पण फक्त सामान न्यायला. टेम्पो डाळजला, बाईच्या भावाकडं निघाला. पोरीचं परीक्षेचं केंद्र बारामतीत. पुस्तकांच्या पोत्यावर बसून तिनं विचारलं, "ताई, तितनं पेपरच्या येळंला यस्टी हाय का?"

मला माहीत नव्हतं. आमच्या पत्रकात एसटीचं काही नाही.

तेवढ्यात आबांची बायको ताट घेऊन आली. खण, नारळ, तांदूळ. "पाव्हणी रिकाम्या वटीनं जात नस्ती, बया." चेष्टा नव्हती, तिचे डोळे भरले होते. बाईनं पदर पुढं केला. मला ते ताट उधळून द्यावंसं वाटलं.

पण ताट माझ्यापुढं आलं. माझे दोन्ही हात पत्रकांच्या गठ्ठ्यात अडकलेले. म्हातारीनं माझ्या कपाळाला कुंकू टेकवलं.

"तुमी बी पाव्हण्याच की," म्हणाली. "च्या घिऊन जावा."